सासवणेची म्हैस, सुप्याची माती

रामनगरचं आमचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्या सामानाच्या याद्या झाल्या. पलंग कुणाकडे, तांब्याचा हंडा कुणाकडे, देव कुठे ठेवायचे, सगळं ठरलं. एका वस्तूपाशी मात्र घोडं अडलं. माजघरातल्या कोनाड्यात एक मातीचं डोकं आहे. वीतभर उंचीचं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कानात कुडी, ओठ किंचित मिटलेले. ती आमची आजी. आजोबांनी सुप्याला असताना केलेली.

हुबळीहून धाकटा भाऊ आला होता. तो म्हणाला, "दादा, कच्ची माती आहे ती. नव्या घरात कोनाडे नाहीत, चूल नाही. आजोबांच्या सगळ्या मूर्ती पाण्यातच गेल्या ना? हीपण काळी नदीत सोडू. मान राखल्यासारखं होईल."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. तरी माझ्याच्याने 'हो' म्हणवेना. आई काही बोलली नाही, तांदूळ निवडत राहिली.

सुपं होतं तेव्हा

आजच्या मुलांना सुपा म्हटलं की धरण आठवतं. गणेशगुडीला पर्यटक येतात, फोटो काढतात आणि जातात. पण सुपा हे आधी गाव होतं, आणि तालुक्यालाही त्याचंच नाव होतं. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. १९७४ च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं, १९८७ पर्यंत ते पुरं झालं. १०१ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे गाव बुडालं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, आम्ही बरेचसे सुपेकर रामनगरला आलो. मी तेव्हा शाळकरी पोर होतो.

आजोबा गणपती करायचे. श्रावण लागला की पडवीची शाळा व्हायची. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात! लोक आपापले पाट आणून ठेवायचे. पाटाच्या मागे खडूनं नाव लिहिलेलं असायचं, कुणाचं मराठीत, कुणाचं कन्नडमध्ये. आजोबांना कन्नड वाचता येत नसे, पण पाट मात्र कधी चुकले नाहीत. मजुरी म्हणजे नारळ, तांदूळ आणि जमेल तसे पैसे. माती नदीकाठच्या शेतातली. ती भिजवायची, खडे वेचायचे, बडवायची, कापूस घालून मळायची. चवथीच्या आदल्या दिवशी सगळे गणपती डोक्यावरून आपापल्या घरी जायचे आणि पडवी रिकामी व्हायची. मग दीड दिवसानं, पाच दिवसांनी, ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे मूर्ती नदीत.

म्हणजे आजोबांच्या हातची एकही मूर्ती एका पावसाळ्यापेक्षा जास्त जगली नाही. एवढी एक सोडून. आजी गेली त्या वर्षी, गणपतीची उरलेली माती घेऊन त्यांनी हे डोकं केलं. ना त्याला रंग दिला, ना ते भाजलं.

गाव सोडताना ट्रकमध्ये भांडी, लाकडं, गुरांचं सामान, सगळं कोंबलं होतं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली आजी होती. धाकटा भाऊ तेव्हा तान्हा, तो मावशीकडे दिलेला! हे आम्ही त्याला अजून चिडवून सांगतो.

रामनगरला आल्यावर आजोबांनी पुन्हा गणपती केला नाही. "इथली माती हाताला लागत नाही," एवढंच म्हणायचे.

मांडव्याच्या लाँचमधून

गेल्या जानेवारीत मुंबईला भाचीचं लग्न होतं. लोंढ्याहून रेल्वेनं गेलो. लग्न आटोपल्यावर हाताशी एक दिवस मोकळा होता. सौ. म्हणाली, "समुद्र बघू या." ती धारवाडकडची. कारवारला सासरच्यांबरोबर कितीही वेळा गेली तरी समुद्राची हौस काही फिटत नाही. व्याह्यांनी सुचवलं, गेट वेवरून लाँचनं मांडव्याला जा, तासाभराचा प्रवास आहे, आणि तिथून जवळच सासवणे आहे, तिथे करमरकरांची शिल्पं बघून या.

नाव ऐकून मला पुण्याचा पुतळा आठवला. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा तो भव्य पुतळा शाळेच्या सहलीत पाहिला होता. तो करमरकरांनीच केला हे मात्र शिक्षक झाल्यावर कळलं.

लाँच निघाली. मागे सीगल पक्ष्यांचा थवा. सौ. नातवंडासारखी त्यांना खाऊ टाकत होती. मांडव्याला उतरून रिक्षा केली. अलिबागच्या या किनाऱ्यावर सासवणे, आवास, किहीम अशी गावं एकापुढे एक लागतात. नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता. क्षणभर वाटलं, आपण अंकोल्याकडेच निघालोय.

गावातला मुलगा

विनायक पांडुरंग करमरकर याच सासवणेचे. जन्म १८९१ चा. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे इंग्रज कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते पडलं. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्याच्या शिक्षणाची वाट करून दिली. भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराला आपण काय देतो? धपाटा! इथे त्या भिंतीनं एका माणसाचा जन्म बदलला.

जे. जे. नंतर ते कलकत्त्याला गेले. टागोर घराण्यातल्या सुरेंद्रनाथांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. तिथे काम जमलं, नाव झालं. १९२० मध्ये ते लंडनला रॉयल अकॅडमीत शिकायला गेले, आणि परत आल्यावर मुंबईत त्यांनी स्टुडिओ थाटला. पुण्याच्या पुतळ्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली, पण पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात काम करमरकरांकडे आलं. माझगावच्या गोदीत ब्राँझचं ओतकाम झालं, पुतळा रेल्वेनं पुण्याला नेला आणि १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. देवळाच्या भिंतीवरचा घोडा असा चौथऱ्यावर चढला.

पुढे मानसन्मान आले. १९६२ मध्ये पद्मश्री, १९६४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप. १९६७ मध्ये ते गेले. पण एवढी मोठी कामं करणाऱ्या माणसानं काम करायला आणि राहायला पुन्हा आपलं गावच निवडलं, हे मला सगळ्यात आवडलं.

म्हैस

सासवणेला त्यांचं घर आणि स्टुडिओ हेच आता संग्रहालय आहे. शंभराहून अधिक शिल्पं तिथे आहेत. सरकारी म्युझियमसारखा थाट नाही. कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं, आणि चपला आपोआप बाहेर काढल्या जातात.

सौ. पुढे आणि मी मागे. ती एकदम थबकली. समोर म्हैस. "जीव इद्दंग ऐतल्ल री!" ती कुजबुजली. जीव असल्यासारखंच आहे की हो! मला हसू आलं, पण मीही आवाज चढवला नाही. न जाणो, उठून उभी राहिली तर! म्हशीच्या कातड्यावरची घडी, डोळ्यातला तो सुस्तावलेला, कशाचीच घाई नसलेला भाव. हे ज्याला करता आलं त्यानं ती म्हैस नुसती बघितली नसणार, तिच्याजवळ तासन्तास बसला असणार.

मग एकेक बघत गेलो. 'मत्स्यगंधा' ही कोळ्याची पोर, 'शंखध्वनी' ही शंख फुंकणारी स्त्री. मोठ्या माणसांचे अर्धपुतळेही आहेत. पण मन ओढलं ते रोजच्या पाहण्यातल्या चेहऱ्यांनी. कोळीण, गडीमाणूस, घरची जनावरं. यांपैकी कुणीही पुतळ्याची ऑर्डर दिलेली नव्हती. कुठल्या नगरपालिकेनं म्हशीच्या पुतळ्याचा ठराव केलाय?

इथे माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. जे पुतळे पैसे देऊन करून घेतले गेले ते स्टुडिओतून निघून गेले. राजे, पुढारी, शेठ सगळे चौकात, सभागृहात, बागेत जाऊन उभे राहिले. त्यांना हार पडतात, त्यांच्या जयंत्या होतात. स्टुडिओत राहिली ती कुणी न मागितलेली माणसं. शिल्पकारानं स्वतःसाठी, हौसेनं, मायेनं केलेली. मागे राहिलेलं म्हणजे टाकाऊ, असं आपण समजतो. इथे तर नेमकं उलटं दिसत होतं.

माती कुठे जाते?

आजोबांचं काम बघत वाढल्यामुळे मला एक प्रश्न कायम पडायचा, एवढ्या मोठ्या पुतळ्याची मूळ माती कुठे जाते? याचं उत्तर शिल्पकामाच्या रीतीतच आहे. आधी लोखंडी सळ्या-तारांचा सांगाडा, त्यावर माती चढवायची. महिनोन्‌महिने काम चालतं, तोवर माती ओली राहायला हवी, म्हणून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवायची. काम मनासारखं झालं की त्यावर प्लास्टर चढवून साचा घ्यायचा. साचा उघडताना आतली माती खरवडून काढावी लागते. म्हणजे शिल्पकाराची बोटं जिला लागली ती मूळ मूर्ती तिथेच मोडते! मग त्या पोकळ साच्यात प्लास्टर किंवा सिमेंट भरायचं, वाळल्यावर वरचा साचा फोडायचा. ब्राँझ हवं असेल तर पुढे ओतकामाचा सगळा खटाटोप आणि त्याचा खर्च.

ब्राँझचा खर्च ऑर्डर देणारा करतो. हौसेच्या कामाला कोण देणार? करमरकरांनी सिमेंटमध्ये पुष्कळ काम केलं, आणि सासवणेतली बरीचशी शिल्पं सिमेंटचीच आहेत. घराच्या पायात वापरायचं ते सिमेंट, पण त्यातून कोळणीच्या गालावरचं हसू काढलंय. सिमेंट स्वस्त आहे, पण अमर नाही. समुद्राची खारी हवा त्याला खाते, आतली सळई गंजली की ती फुगते आणि तडा जातो. पावसात शेवाळ धरतं. म्हणजे १९६७ नंतर ही शिल्पं आपोआप टिकलेली नाहीत. कुणीतरी टिकवली आहेत.

ते कुणीतरी म्हणजे घरची माणसं. करमरकरांच्या माघारी त्यांच्या सूनबाईंनी हा संग्रह वर्षानुवर्षं सांभाळला आणि लोकांसाठी खुला ठेवला. सून! तिनं सासऱ्यांच्या हाताखाली माती मळलेली नव्हती. ती दुसऱ्या घरातून आलेली. तरी घरातली म्हैस, कोळीण, गडी ही सगळी तिची झाली.

मी सौ.कडे बघितलं. ती एका मूर्तीच्या पायाशी वाकून बघत होती. "धूळ इल्ल," ती म्हणाली. धूळ नाही. बायकांचं लक्ष बरोबर जातं. मी तोवर कला बघत होतो, तिनं मेहनत बघितली.

दोन स्टुडिओ

परतीच्या लाँचमध्ये मनात दुसऱ्या स्टुडिओंचा विचार आला. ब्रांकुशी नावाचा रुमानियाचा थोर शिल्पकार पॅरिसमध्ये राहायचा. आपली शिल्पं एकमेकांशेजारी कशी मांडली आहेत यालाच तो इतकं मानायचा की एखादं विकलं गेलं, तर त्याच्या जागी प्लास्टरची प्रत ठेवायचा. १९५७ मध्ये तो गेला. त्याआधीच त्यानं सगळा स्टुडिओ फ्रान्स सरकारला देऊन टाकला, एका अटीवर की तो आहे तसा राहावा. मूळ जागा पुढे गेली, पण १९९७ मध्ये पाँपिदू केंद्रासमोर तो स्टुडिओ जसाच्या तसा पुन्हा मांडला. त्याच्यामागे एक अख्खं सरकार होतं.

आपल्याकडे सरकार चौकातल्या पुतळ्यामागे असतं. स्टुडिओतल्या म्हशीमागे घर असावं लागतं. सुप्याच्या आमच्या पडवीमागे तर काहीच नव्हतं. ती १०१ मीटरच्या भिंतीमागे गेली. आजोबांच्या कोरण्या, पाट, मातीचा हौद, सगळं पाण्याखाली. त्या विजेवर आज किती घरांत दिवे लागतात, मी ते नाकारत नाही. माझ्या घरातही तीच वीज आहे. पण आजोबांच्या स्टुडिओतून बाहेर आलेली एकच वस्तू जगात आहे, आणि ती आईच्या मांडीवरून आली, हे त्या लाँचमध्ये मला पहिल्यांदा नीट समजलं.

कुंभारमामांचा सल्ला

घरी आल्यावर भावाला फोन केला. म्हटलं, नदीत सोडायचं नाही. तो म्हणाला, "मग भाजून घे, कायमची होईल." हे मात्र पटलं. खानापूरची माती आणि तिथलं कुंभारकाम आपल्या भागात नावाजलेलं. तिथल्या एका जाणत्या कुंभारमामांकडे आजीला घेऊन गेलो. पुन्हा मांडीवरच, पण आता बसमध्ये.

त्यांनी हातात घेतलं, वजन तोललं, बोटानं मागं टकटक केलं. म्हणाले, "भरीव आहे हो हे. पोकळ नाही. भट्टीत घातलं तर आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधेल आणि तडकन फुटेल. ज्यानं केलंय त्याला भाजायचं नव्हतंच."

मी विचारलं, "मग टिकवायचं कसं?"

"इतकी वर्षं कसं टिकलं?" त्यांनी उलट विचारलं.

मला उत्तर माहीत नव्हतं. लाज वाटली. घरी येऊन आईला विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. पावसाळा लागला की ती आजीला कोनाड्यातून काढून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. तिथे सुकी मासळी, कोकमं, बियाणं असतं तिथेच. धुरानं दमट हवा लागत नाही. दिवाळी झाली की पुन्हा कोनाड्यात. दर शनिवारी पुसायची, तेही जुन्या लुगड्याच्या सुक्या फडक्यानं, ओल्यानं कधीच नाही. चाळीस वर्षांवर हे चाललंय. आम्ही तिघं भावंडं त्याच घरात वाढलो, आणि वर्षातले चार महिने कोनाडा रिकामा असतो हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"त्यांनी सांगितलं होतं का तुला, सांभाळ म्हणून?" मी विचारलं.

"छे! त्यांनी कधी तोंडानं सांगितलं काही?" आई म्हणाली. "ट्रक आला तेव्हा ते पडवीत बसून होते. हे तिथंच राहिलं होतं. मी उचललं."

एवढं बोलून ती पुन्हा गप्प झाली. मग जरा वेळानं म्हणाली, "नव्या घरात ठेवाल, पण धूळ पुसायला कोण आहे ते आधी सांगा. मग ठेवा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा बेंगळूरला, मुलगी पुण्याला. मी स्वतः शनिवार लक्षात ठेवीन याची खात्री मलाच नाही.

सौ. चहाचे कप उचलत होती. तिकडूनच म्हणाली, "अत्ती, नानु नोडकोतीनि." मी बघते.

आईनं मान डोलावली. तिला कन्नड फारसं येत नाही, पण एवढं येतं.

नव्या घराच्या नकाशात गवंड्याकडून एक बदल करून घेतला आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, बाहेरच्या भिंतीपासून दूर, एक कोनाडा. पुढे काच, काचेला वर दोन भोकं. धूर नसला तरी शेगडीची ऊब लागेल अशा बेतानं. पावसाळ्यात आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, ओल धरली की बदलायची. ही युक्ती खानापूरच्या मामांची. भाऊ म्हणतो, एवढ्याशा मातीसाठी हा सगळा खर्च? म्हटलं, तू एकदा मांडव्याची लाँच पकडून सासवणेला जाऊन ये. पावसाळ्यात लाँच बंद असते, पण २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी मोठी बोटही आहे. म्हैस बघ, मग बोलू.

परवाच्या शनिवारी आईनं सौ.ला जवळ बसवलं आणि फडकं कसं धरायचं ते दाखवलं. आधी कपाळ, मग डोळे. नाकाच्या बाजूला दाबायचं नाही, तिथे एक बारीक भेग आहे. कानातली कुडी शेवटी. सौ.नं तसंच केलं. मी दारात उभा राहून बघत होतो.

"तुम्हीपण शिका," आई मला म्हणाली.